न्यायालयात हरूनही सृष्टिनिर्मितीवाद टिकतो कसा?

प्रश्न : कोरा_कागद

सृष्टिनिर्मितीवाद म्हणजे सजीव उत्क्रांतीने घडले नसून देवाने थेट निर्माण केले, हे मत. अमेरिकेतील शाळांत उत्क्रांती शिकवावी की नाही, यावरून गेल्या शंभर वर्षांत झालेल्या खटल्यांविषयी वाचताना मला एक कोडे पडले आहे. उत्क्रांती शिकवण्यास बंदी घालणारा आर्कान्सा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रद्द केला. उत्क्रांतीच्या जोडीने 'सृष्टिनिर्मितीचे विज्ञान' शिकवलेच पाहिजे, असे सांगणारा लुइझियानाचा कायदा १९८७ साली सात विरुद्ध दोन मतांनी घटनाबाह्य ठरला आणि २००५ साली पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या खटल्यात 'इंटेलिजंट डिझाइन', म्हणजे सजीवांमागे कोणा बुद्धिमान रचनाकाराचा हात आहे हे मतही हरले. तरीही केंटकी राज्यात २००७ साली सृष्टिनिर्मितीचे संग्रहालय उभे राहिले आणि २०१६ साली बायबलमधील महापुराच्या कथेतल्या नोहाची ५१० फूट लांबीची नौका. इतके पराभव पचवून हा विचार वाढतोच आहे, तो कशाच्या बळावर? लोकांचे शिक्षण कमी पडते, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण या चळवळीत अभियंते आणि पीएच.डी. मिळवलेली माणसेही अग्रभागी दिसतात.

प्रतिसाद : सह्यकडा

'वाढतोच आहे' या विधानाला प्रथम थोडी मुरड घालतो. देवाने मानवाला गेल्या दहा हजार वर्षांत आजच्याच रूपात निर्माण केले, असे मानणाऱ्या अमेरिकी नागरिकांचे प्रमाण गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत १९८२ साली ४४ टक्के होते. २०२४ साली ते ३७ टक्क्यांवर आले. अनुयायी थोडे घटलेच आहेत. वाढली ती संघटना, पैसा आणि मांडणीतील सफाई.

दुसरे असे की, आज दिसणारा हा विचार फार पुरातन आहे ही समजूत खरी नाही. १९२५ साली टेनेसीतील डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला, तेव्हा सरकारपक्षाच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे डार्विनचे कडवे विरोधक होते. पण स्कोप्सचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी उलटतपासणीत छेडल्यावर त्यांनीसुद्धा बायबलमधील सृष्टिनिर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचे नसून दीर्घ कालखंड असू शकतील, असे मान्य केले. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे आणि सारे जीवाश्म एका महापुरात गाडले गेले, हे मत तेव्हा जॉर्ज मॅक्रेडी प्राइस या अॅडव्हेंटिस्ट (एक ख्रिस्ती पंथ) लेखकासारख्या थोड्यांपुरते होते. त्याला बळ मिळाले १९६१ साली, जॉन व्हिटकम हे धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि हेन्री मॉरिस हे जलअभियंते यांनी महापुराच्या भूविज्ञानावर मिळून पुस्तक लिहिले तेव्हा. १९५७ च्या स्पुटनिकने, म्हणजे सोव्हिएत रशियाच्या पहिल्या कृत्रिम उपग्रहाने हादरलेल्या अमेरिकेने त्याच सुमारास विज्ञानाची पाठ्यपुस्तके नव्याने लिहवून घेतली आणि तोवर अंग चोरून बसलेली उत्क्रांती जीवशास्त्राच्या पुस्तकात पुन्हा मध्यभागी आली. ज्या घरांशी तिचा कधी संबंधच आला नव्हता, तिथे ती मुलांच्या दप्तरातून पोहोचली. आजची चळवळ बव्हंशी त्या धक्क्यातून उभी राहिली आहे. अभियंत्यांचे म्हणाल, तर गुंतागुंतीची यंत्रणा दिसली की आधी तिचा आराखडा करणारा शोधावा, ही त्यांच्या व्यवसायाचीच सवय आहे.

प्रतिसाद : नदीपार

वरील प्रतिसादाला न्यायालयांचा वाटा जोडायला हवा. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारी शाळेला धर्माचा पुरस्कार करू देत नाही. त्यामुळे प्रत्येक निकालानंतर या चळवळीला आपला धर्म थोडा अधिक झाकावा लागला आणि विज्ञानाची भाषा थोडी अधिक उसनी घ्यावी लागली. हरल्यामुळेच ती आज इतकी शास्त्रीय दिसते, असे माझे मत आहे.

डोव्हरच्या खटल्यात हे कागदोपत्री दिसले. तेथील शाळा मंडळाने नववीच्या विद्यार्थ्यांना 'ऑफ पांडाज अँड पीपल' या पुस्तकाचा हवाला दिला होता, त्याचे जुने मसुदे फिर्यादींच्या वकिलांनी मिळवले. १९८७ च्या निकालापूर्वीच्या मसुद्यांत जिथे 'क्रिएशन' (निर्मिती) होते, तिथे निकालानंतर 'इंटेलिजंट डिझाइन' आले होते. व्याख्येतील उरलेले वाक्य जवळपास जसेच्या तसे. एका ठिकाणी तर 'क्रिएशनिस्ट्स' (सृष्टिनिर्मितीवादी) खोडून 'डिझाइन प्रोपोनंट्स' (डिझाइनचे पुरस्कर्ते) लिहिताना जुन्या शब्दाचे पहिले अक्षर पुढे आणि शेपूट मागे तसेच चिकटून राहिले होते. एका जीवप्रकारातून दुसरा घडतानाचे, संक्रमणावस्थेतील जीवाश्म दाखवा, असे उत्क्रांतिवाद्यांना सतत बजावणाऱ्यांच्या पुस्तकातच असा नमुना सापडावा, ही गंमतच.

इंटेलिजंट डिझाइनच्या बाजूने साक्ष देणारे जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बेही यांनी तेथे शरीराच्या रोगप्रतिकारयंत्रणेच्या उत्क्रांतीचे समाधानकारक स्पष्टीकरण विज्ञानाकडे नाही, अशी भूमिका घेतली. तेव्हा त्या विषयावरचे ५८ शोधनिबंध आणि नऊ पुस्तके त्यांच्यासमोर ठेवण्यात आली. हा पुरावा पुरेसा नाही, एवढेच ते म्हणाले. न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांनी केलेली होती, तरी त्यांनी १३९ पानांच्या निकालपत्रात इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नसल्याचे निःसंदिग्धपणे नोंदवले.

प्रतिसाद : मृगनक्षत्र

आपल्याकडेही याचे पडसाद उमटतात, मात्र वेगळ्या सुरात. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद येथे डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे सांगितले, तेव्हा देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्रित निवेदन काढून त्याला उत्तर दिले. २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातील उत्क्रांतीचा भाग वगळल्यावरही शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिले. परंतु पृथ्वीच्या वयावरून आपल्याकडे भांडण होत नाही, कारण ज्या परंपरेत एक कल्पच ४३२ कोटी वर्षांचा आहे, तिला भूवैज्ञानिकांचे आकडे खुपत नाहीत. आपल्याकडचा नेहमीचा प्रकार म्हणजे दशावतारात उत्क्रांती आधीच सांगितलेली आहे, असे कौतुकाने म्हणणे. वरवर हा डार्विनचा स्वीकार वाटतो. पण त्यात मत्स्यापासून मानवापर्यंत आधीच ठरलेली चढण गृहीत धरलेली असते, आणि नैसर्गिक निवडीला, म्हणजे परिस्थितीला अनुरूप जीव टिकून राहण्याच्या प्रक्रियेला असे कोणतेही गंतव्य नसते. नकारापेक्षा हा गैरसमज दूर करणे मला अधिक अवघड वाटते.

प्रतिसाद : कोरा_कागद

सर्वांचे आभार. मग डोव्हरसारख्या निकालानंतर प्रत्यक्ष वर्गात काही फरक पडतो का?

प्रतिसाद : फळा_खडू

थोडाच पडतो. तो निकाल पेनसिल्व्हेनियाच्या एका न्यायक्षेत्रापुरता बंधनकारक होता. शिवाय निकाल काय शिकवू नये हे सांगतो; जे शिकवायचे ते शिक्षक किती ठामपणे शिकवतो, यावर त्याचा अंमल चालत नाही. डोव्हरच्या जीवशास्त्र शिक्षकांनी इंटेलिजंट डिझाइनचा उल्लेख असलेले शाळा मंडळाचे निवेदन वर्गात वाचण्यास नकार दिला आणि प्रशासकांना वर्गात येऊन ते वाचावे लागले. असे धैर्य सर्वत्र नसते. बर्कमन आणि प्लुटझर या राज्यशास्त्रज्ञांनी २००७ साली सरकारी शाळांतील ९२६ जीवशास्त्र शिक्षकांची पाहणी केली. तीत सुमारे १३ टक्के शिक्षक सृष्टिनिर्मितीवादाची उघड बाजू घेणारे आढळले. पण सुमारे ६० टक्के शिक्षक दोन्हीकडून वाद टाळणारे होते. 'परीक्षेपुरते शिका, पटलेच पाहिजे असे नाही', अशा थाटात ते हे प्रकरण उरकत. माझ्या मते चळवळीला खरे बळ या मौनातून मिळते. २०१९ च्या पाहणीत चित्र बरेच सुधारलेले दिसले. २००७ च्या पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली होती : ज्या शिक्षकांनी महाविद्यालयात उत्क्रांतीचा स्वतंत्र अभ्यासक्रम पूर्ण केला होता, ते वर्गात ती अधिक निःशंकपणे शिकवत होते.