पहिलं स्पिटफायर किट कुठलं घ्यावं? एअरफिक्स, तामिया की एडुआर्ड

जुळे_सोलापूर:
नमस्कार मंडळी, भाचा आता सातवीत गेलाय आणि त्याला विमानांचं लई वेड लागलंय, सुट्टीत दोघं मिळून एक मॉडेल जोडायचं ठरवलंय, त्याला स्पिटफायरच (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) पाहिजे. ऑनलाइनच मागवणार. 1/72 मध्ये (म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) तिन्ही कंपन्यांची दिसतायत पण भावात बराच फरक आहे, जादा पैसे टाकले तर खरंच फरक पडतो का सांगा की.

सात_रस्ता:
तामिया घ्या, डोळे झाकून. पहिल्या किटला डिटेलपेक्षा फिटिंग महत्त्वाचं असतं. माझ्या पहिल्या किटला (कंपनीचं नाव नको) पंखाच्या मुळाशी एवढी फट होती की पुटी (फटी बुजवायचा लगदा) भरून घासण्यातच दोन रविवार गेले, आणि घासताना पॅनल लाइनी (विमानाच्या पत्र्यांच्या जोडाच्या कोरीव रेषा) पुसल्या त्या सुईनं परत कोराव्या लागल्या. लहान पोरगं असेल तर तिथंच कंटाळतं ओ. तामियाचे पंख गोंद लावायच्या आधीच जागेवर बसतात.

पूर्वभाग:
सात रस्ताभाऊंचं फिटिंगचं पटतं, पण सातवीतल्या पोराला मी एअरफिक्सचा स्टार्टर सेट देईन. रंग, ब्रश, गोंद सगळं डब्यातच येतं. त्याच्या पॅनल लाइनी जरा रुंद असतात म्हणून लोक नावं ठेवतात, पण ब्रशनं जाड रंग बसला तरी त्या बुजत नाहीत, नवख्याला ते बरंच आहे. फक्त साचा नवा आहे का बघून घ्या, ही कंपनी 1953 पासून स्पिटफायरची किटं काढतेय, आणि या धंद्यात जुना साचा नव्या चित्राच्या डब्यात येतो. स्केलमेट्स या किटांच्या वेबसाइटवर साच्याचं वर्ष दिसतं.
एडुआर्डचं मार्क 9 (मार्कचा आकडा म्हणजे स्पिटफायरचा प्रकार) फारच देखणं, पण त्यांच्या प्रोफिपॅक आवृत्तीमध्ये पितळी पत्र्याचे भाग असतात, सीटचे पट्टे वगैरे, चिमट्यातून उडाले की संपलं. त्यांच्याच साध्या वीकेंड एडिशनमध्ये ते नसतात, प्लास्टिक तेच.
अजून एक, आमच्या घराखाली यंत्रमाग आहेत, ओल्या रंगावर कापसाचा तंतू बसला की वाळल्यावर केसासारखा उठून दिसतो. मी रंग दिला की लगेच वर प्लास्टिकचा डबा पालथा घालतो. आणि मे महिन्यात अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, तेव्हा सकाळी सातच्या आत रंगवा, पंखा बंद ठेवून.

जुळे_सोलापूर:
लई उपयोगी पडलं दोघांचं. 1/72 चे पंख टोकापासून टोकापर्यंत किती भरतील? आणि आपल्या हवाई दलाचं रंगवता येईल का, भाचा विचारतोय.

सात_रस्ता:
साधारण साडेपंधरा सेंटिमीटर, 1/48 घेतलं तर तेवीसच्या वर. आपल्या लोकांनी बर्मा आघाडीवर मार्क 8 उडवलंय, मार्क 1 सारख्या सुरुवातीच्या प्रकारावर ते रंग चालणार नाहीत, त्यासाठी मार्क 8 चंच किट लागेल.

जुळे_सोलापूर:
मग आता एअरफिक्सचा सेट मागवतो, मार्क 8 दिवाळीला. भाच्यानं आत्ताच आईचा पोळ्यांचा डबा झाकायला मागून ठेवलाय.