मदत हवी आहे : पोकर स्पर्धांत वरच्या प्रवेशशुल्काकडे केव्हा वळावे?

सर्वांना नमस्कार. मी लातूरला महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. 2025 च्या केंद्रीय कायद्यानंतर आपल्याकडे पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळता येत नाही. हा प्रश्न नोकरीनिमित्त लंडनला राहणाऱ्या आणि तिथे कायदेशीरपणे खेळणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा आहे. तो 5 पौंड प्रवेशशुल्काच्या स्पर्धा खेळतो आणि आता थेट 20 पौंडांच्या स्पर्धांत उतरावे म्हणतो, मात्र खेळासाठी वेगळ्या ठेवलेल्या रकमेत तसे जेमतेम 40 प्रवेश बसतात.

मला खरी काळजी वाटते ती त्याच्या पुराव्याची. या स्पर्धांत बहुतेक वेळा शुल्क बुडते आणि मोठे बक्षीस क्वचितच लागते, त्यामुळे प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती दूर पसरतात त्याचे माप) शुल्काच्या पाचपट जरी धरले, तरी 500 स्पर्धांनंतरही सरासरी नफ्यातील प्रमाण त्रुटी (म्हणजे त्या सरासरीतील अनिश्चितता) शुल्काच्या सुमारे 22 टक्के निघते. म्हणजे त्याला दिसणारा 20 टक्के नफा निव्वळ नशिबाचाही असू शकतो. हजारो खेळाडू असलेल्या स्पर्धांत तर हे विचलन आणखी वाढते.

अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे, की वर जाण्यापूर्वी किती शुल्कांइतकी रक्कम हाताशी असावी? 100 हा आकडा नेहमी ऐकू येतो, पण मोठ्या स्पर्धांसाठी तो मला अपुरा वाटतो. आधी 10 पौंडांचा टप्पा घ्यावा आणि ठरावीक तोटा होताच खाली परतावे, असे मी त्याला सुचवले आहे. ही परतीची मर्यादा आपण कशी ठरवता? शिवाय निकाल इतके बेभरवशाचे असताना, खेळलेल्या डावांच्या नोंदींतून कौशल्य कसे पारखावे?