पीसी-चिपचा बाजार खरंच सावरला, हे कुठल्या आकड्यावरून ओळखायचं?

वेफर_वाचक: २०२३ च्या मंदीतून पीसी आणि चिपचा धंदा वर आला, तेव्हा पहिली खूण कुठे दिसली? ताळेबंद वाचता येतो, फक्त नेमकं काय बघायचं ते सांगा.

गोदामपाल: शिपमेंटपासून सुरुवात करू नका. तो वितरकाकडे गेलेला माल असतो, गिऱ्हाइकाने नेलेला नव्हे. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत चिप कंपनी एएमडीच्या क्लायंट (म्हणजे पीसीच्या चिप विकणाऱ्या) विभागाचा महसूल वर्षभरात ६५ टक्के पडून ७३.९ कोटी डॉलरवर आला. लोकांची खरेदी काही एवढी घटली नव्हती. वितरकांकडे तुंबलेला माल खपावा म्हणून चिपच मागणीपेक्षा कमी पाठवल्या जात होत्या. असा साठा संपला की एकही नवा ग्राहक न येता विक्री उसळते. त्या पहिल्या उसळीला भुलू नका.

त्यापेक्षा साठ्याचे दिवस काढा: तिमाहीअखेरचा साठा भागिले विकलेल्या मालाचा खर्च, गुणिले ९०. साठा ८०० आणि खर्च ४०० असेल तर १८० दिवस. मग ताळेबंदाच्या टिपांमध्ये साठ्याची फोड बघा. तयार माल घटतोय आणि प्रक्रियेतला माल वाढतोय, असं दिसलं की समजा फॅबमध्ये (चिपच्या कारखान्यात) पुन्हा जोमाने वेफर (ज्यांवर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) प्रक्रियेत जाऊ लागले. वेफर बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात, त्यामुळे कंपनीला पुढच्या मागणीची खात्री असल्याशिवाय ती हे करत नाही.

टीप_क्रमांक_सात: यात एक मेख आहे. २ मार्च २०२३ ला संपलेल्या तिमाहीत मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने साठ्याचं मूल्य १४३ कोटी डॉलरने खाली आणलं, म्हणजे राइट-डाउन केलं. माल गोदामात तेवढाच, पण कागदावर दिवस कमी! पुढे तोच माल विकला की खर्च आधीच दाखवलेला असल्याने नफ्याचं प्रमाणही फुगतं. राइट-डाउनची रक्कम साठ्यात परत मिळवून आणि त्या तिमाहीच्या खर्चातून वगळूनच हिशेब करा.

गोदामपाल: बरोबर, मेमरीत हे हमखास होतं.

मासिक_आकडे: तिमाही निकालांची वाट कशाला बघता? दक्षिण कोरियाची निर्यात दर महिन्याच्या १ तारखेला जाहीर होते. तिथली चिप निर्यात १५ महिने घसरत होती, ती नोव्हेंबर २०२३ मध्ये १२.९ टक्के वाढली. मायक्रॉन आणि सॅमसंगने केलेल्या उत्पादनकपातीमुळे तोवर मेमरीचे भाव चढू लागले होते. इतर कंपन्यांसाठी चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीचा महसूलही दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळतो. मात्र वाढीची टक्केवारी पडलेल्या वर्षाशी ताडू नका, २०२१ शी ताडा. त्या वर्षी जगात ३४-३५ कोटी पीसी गेले होते, २०२३ मध्ये जेमतेम २६ कोटी.

वेफर_वाचक: २०२४ मध्ये चिपविक्री १९ टक्के वाढली. म्हणजे पीसीही सावरला ना?

मासिक_आकडे: नाही. पीसी त्या वर्षी एखाद टक्काच वाढला. मोठी वाढ एआय सर्व्हरची. त्यांत लागणाऱ्या एचबीएम या वेगवान मेमरीला तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५ च्या (पीसीतल्या साध्या रॅमच्या) सुमारे तिप्पट वेफर लागतात, म्हणून साध्या रॅमसाठी वेफर कमी उरतात आणि तिचे भाव पीसीची मागणी नसतानाही चढू शकतात. रॅम महागली म्हणून पीसीला उठाव आला असं धरलंत, तर हिशेब उलटा पडेल. महाग रॅमने पीसीची किंमत वाढते आणि गिऱ्हाईक खरेदी पुढे ढकलतं.