परदेशात स्वयंसेवक म्हणून राहिलेल्या खान्देशकरांनो, रोजचं कसं जमवलंत? (अनुभव धागा)

तापीकाठ (भुसावळ)

माझी भाची पुढच्या महिन्यात टांझानियाला चालली आहे. डोडोमाजवळच्या एका शाळेत वर्षभर गणित शिकवणार. राहायची सोय, जेवण आणि थोडा हातखर्च, बस. घरात दोन तट पडलेत. बहीण कुरडया-पापड बांधायला लागली आहे आणि मेव्हणे बोलत नाहीत.

सेवेचं महत्त्व वगैरे नको, ते तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय वेगळं होतं, कुठे फजिती झाली, कशाची सवय झाली आणि कशाची शेवटपर्यंत झाली नाही, ते लिहा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्यांनी लिहिलंत तर बरं. कळण्याच्या भाकरीवाचून वर्ष काढणं म्हणजे काय, ते इतरांना सांगूनही कळत नाही.

कांदेबाग (रावेर)

मी युगांडात मसाकाजवळ अकरा महिने होतो, केळीच्याच कामावर. आमच्याकडे तीन पिढ्यांची केळी, त्यामुळे आपण शिकवायलाच चाललोय असं डोक्यात पक्कं होतं.

दुसऱ्याच दिवशी एका आजींच्या बागेत नेलं. ना ओळ, ना अंतर, मधेमधे कॉफीची झाडं. मी सुरू झालो: पाच बाय सहा फुटांवर लागण, ठिबक, टिश्यूची रोपं, बारा महिन्यांत माल. बरोबरचा मुलगा त्यांना ते लुगांडा भाषेत सांगत होता. आजींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुमची बाग किती वर्षांची आहे?" मी म्हटलं, लागण घ्यायची, मग एखादी पीलबाग (त्याच बुंध्याच्या पिलांवरचं पुढचं पीक), मग काढून टाकायची. आजी पोट धरून हसल्या. त्यांची बाग सासूने लावलेली होती. एका बेटात, म्हणजे झाडांच्या झुपक्यात, तीन खोडं ठेवायची: घड धरलेली आई, तिच्यामागे लेक आणि पायाशी नात. आई कापली की लेक निसवते, म्हणजे तिला घड येतो. आपल्याकडे व्यापारी येतो, गाडी भरतो, बाग मोकळी. त्यांना दर आठवड्याला घरापुरते घड लागतात. सगळी बाग एकदम निसवली तर त्या खाणार काय? त्यानंतर दोन महिने मी फक्त वहीत लिहून घेत होतो.

जेवण म्हणजे मटोके. हिरवी केळी सोलायची (चिकाने बोटं काळी होतात ती आठवडाभर), केळीच्याच पानांत बांधून वाफवायची, पानातच दाबून लगदा करायचा आणि वर शेंगदाण्याची दाट आमटी. आपल्याला हिरवी केळी म्हणजे उपासाची भाजी नाहीतर वेफर. पहिले पंधरा दिवस घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. भूक लागली की स्टँडवर जाऊन 'रोलेक्स' खायचो. घड्याळ नाही, चपातीत गुंडाळलेलं आमलेट. पुढे एकदा एका लग्नात नुसता भात वाढला तर मीच विचारलं, मटोके नाही का?

खरी चूक वेगळीच झाली. मी सायकलवर कानात गाणी घालून जायचो. तिथे कामावरच्या माणसाजवळून जाताना 'जेबालेको' म्हणायचं असतं. म्हणजे राबताय, छान करताय, असं काहीसं. भाजी विकणारीला, खड्डा खणणाऱ्याला, कपडे धुणारीला, सगळ्यांना. मी महिनाभर कुणालाच म्हटलं नव्हतं. गावात माझं नाव काय पडलं होतं ते नंतर कळलं, इथे लिहीत नाही.

आणखी एक. पोरं 'मुयिंदी' म्हणून हाक मारायची, म्हणजे भारतीय. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, तुझे आजोबा इथलेच का? 1972 साली तिथला हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला होता, हे मला तोवर नीट माहीतसुद्धा नव्हतं. जाण्याआधी त्या देशाचं वाचा, एवढं भाचीला सांगा.

निवृत्त सिस्टर (धुळे)

तापीकाठ भाऊ, भाची टांझानियाला म्हणजे मला लिहायलाच हवं. मी म्वान्झाला होते, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, एका प्रसूतिगृहात. वय तेव्हा एकोणसाठ.

पहिल्या आठवड्यात मेट्रनने सांगितलं, उद्या लसीकरणाला 'सा म्बिली'ला या. म्बिली म्हणजे दोन, एवढं मी पाठ केलं होतं. दुपारी बरोबर दोनला डबा घेऊन हजर. आवार रिकामं, एक बाई फरशी पुसतेय. लसीकरण सकाळी आठला सुरू होऊन आटोपलंही होतं. तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्त जवळ, सूर्य बारा महिने साधारण त्याच वेळी उगवतो, त्यामुळे आपले सात म्हणजे त्यांचा एक, आपले आठ म्हणजे दोन. मनगटावरच्या घड्याळात मात्र आठच असतात! सहाने मागे-पुढे करायची सवय लागायला मला महिना लागला. धुळ्याला परत आल्यावर डॉक्टरांची वेळ चुकवली ती उलट्या बाजूने.

भाषा मात्र वाटते तेवढी परकी नाही. गाडीला गारी, दुकानाला दुका, चहाला चाय, चपातीला चपाती. मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणतात, त्याचा अर्थ पाय धरते असा सांगतात. म्हणजे आपलं पाया पडणंच की. त्यावर त्या मोठ्या माणसाने 'मराहबा' म्हणायचं. मला कुणी शिकवलं नव्हतं, मी उलट त्या चार-पाच वर्षांच्या पोरांना शिकामो म्हणत राहिले. पोरं हसून लोळायची.

जेवणात उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि म्चिचा, ती आपल्या माठाची बहीण. ते चालून गेलं. पण मी माळकरी बाई आणि सरोवरातल्या बारक्या सुक्या मासळीचं तिथलं नाव आहे दगा. भाजीत दगा आहे का, हे रोज विचारायचं! स्वयंपाकीण म्हणायची नाही, आणि वाटीच्या तळाशी दोन डोळे दिसायचे. तिच्या मते एवढ्याशाला मासळी म्हणतच नाहीत. मी भांडले नाही. खोली बदलून शेगडी घेतली.

पंधरा मिनिटं (चाळीसगाव)

नेपाळला कोण परदेश म्हणतं, असं आमचे काका म्हणाले. 2015 च्या भूकंपानंतर सिंधुपाल्चोकला शाळांच्या बांधकामावर होतो. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, सुट्टी शनिवारी, रविवारी काम. सकाळी दहाच्या सुमाराला पोटभर डाळभात, संध्याकाळी पुन्हा डाळभात. भेटला की 'भात खानुभयो?' भाकरीचं कुणी विचारत नाही. बाकी मजेत.

मिरची पथारी (नंदुरबार)

मी जर्मनीत एका वृद्धाश्रमात वर्षभर होते. 2011 मध्ये तिथली सक्तीची सैन्यभरती थांबली, तेव्हा अशी स्वयंसेवकांची सरकारी योजना सुरू झाली. महिन्याला मिळतात ते पैसे, त्यांना 'टाशनगेल्ड' म्हणतात, म्हणजे खिशातले पैसे. नाव अगदी खरं आहे.

शनिवारी रात्री उशिरा पोहोचले. रविवारी सगळी दुकानं बंद असतात हे कुणी सांगितलं नव्हतं. दिवसभर बॅगेतल्या शेवेवर आणि नळाच्या पाण्यावर काढला. संध्याकाळी साडेपाचला आज्या-आजोबांना थंड पाव, चीज, काकडी. आमच्याकडे त्या वेळेला चहासुद्धा झालेला नसतो.

पण मला लिहायचंय ते हाकेबद्दल. जर्मनमध्ये 'झी' म्हणजे तुम्ही आणि 'डू' म्हणजे तू. आमच्या घरी आजीला 'तू' म्हणतात, अहिराणीत माया तशीच असते. मी पहिल्याच दिवशी एका आजीला प्रेमाने डू म्हटलं. त्यांनी मान फिरवली आणि सिस्टरने मला बाहेर नेऊन झापलं. मग झी, झी आणि झी. सात महिने त्यांचे केस विंचरले, गोळ्या दिल्या, खिडकी उघडली, बंद केली. फेब्रुवारीत एकदा केस विंचरताना आरशातून बघत त्या म्हणाल्या, आता तू मला डू म्हण. तिथे मोठ्या माणसाने तशी परवानगी द्यायची असते. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

पैसे भरलेला (अमळनेर)

कुणीतरी हेही लिहायला हवं. मी कंबोडियात दोन आठवडे इंग्रजी 'शिकवलं', त्यासाठी एका एजन्सीला चांगली रक्कम मोजून. फळ्यावर 'ए' काढला तर वर्गाने झेडपर्यंत म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. दर पंधरा दिवसांनी नवा माणूस येऊन पुन्हा 'ए'पासून सुरू करायचा. पोरं बिचारी आम्हाला सांभाळून घेत होती. भाचीचं काम वर्षाचं आहे हे चांगलं. तिच्या आधी कोण होतं आणि नंतर कोण येणार, हे मात्र विचारून ठेवा.

कांदेबाग (रावेर)

परत आल्यावरचं राहिलं. आमची आजी म्हणाली, "फुकटना कामले इतला दूर कशाले गया रे? आठे काम नही शे का?" याचं उत्तर अजून देता आलेलं नाही. पण बांधावर पाच खोडं आई-लेक-नात पद्धतीने ठेवलीत. वडील रोज बघतात आणि काही बोलत नाहीत.

तापीकाठ (भुसावळ)

सगळ्यांचे आभार. बहिणीला मोठ्याने वाचून दाखवलं, मेव्हणे आतल्या खोलीतून ऐकत होते. सिस्टरताई, एक विचारायचं होतं. भाचीला घ्यायला येणाऱ्या माणसाने 'सा तीसा' असं कळवलंय. तीसा म्हणजे नऊ. मग ते दुपारचे तीन ना?

निवृत्त सिस्टर (धुळे)

पुढे 'म्चाना' असेल तर दुपारचे तीन. 'उसिकू' असेल तर पहाटेचे तीन. आधी ते बघा भाऊ, आणि तिच्या विमानाची वेळ त्याच्याशी ताडून घ्या.