नवं हॉटेल : उघडल्या उघडल्या जावं, की एक पावसाळा जाऊ द्यावा?

शीतकडी

ऑक्टोबर सरत आला की गोव्यात पणजी, पर्वरी, आसगाव, शिवोली या पट्ट्यात नव्या पाट्या लागायला सुरुवात होते. आठवड्याभरात रील फिरतात आणि शनिवारी रात्री टेबलासाठी रस्त्यावर ताटकळायची पाळी येते. माझं मत असं की हॉटेलने एक पावसाळा काढेपर्यंत तिथे पैसे घालू नयेत.

कारण माणसं. इथल्या नव्या हॉटेलांतला बराच स्टाफ सीझनपुरता धरलेला असतो. ऑक्टोबरात येतो, मे महिन्यात गावी जातो. मेन्यू पुष्कळदा सल्लागार शेफने बसवलेला असतो. तो महिना-दोन महिने उभा राहतो, रेसिपी वजनावर लिहून देतो आणि पुढच्या कामाला निघतो. डिसेंबरात खाल्लेलं फेब्रुवारीत तसंच मिळेल याची हमी कोण देणार? शिवाय पर्यटकांवर चालणाऱ्या हॉटेलाला चूक महागात पडत नाही, आजचं गिऱ्हाईक उद्या विमानात असतं. जून ते सप्टेंबर ज्याला चूल पेटती ठेवायची आहे त्याला गावच्या माणसाच्या जिभेला उतरावंच लागतं. पणजीत कॅफे टाटो १९१३ पासून आहे, कॅफे भोंसले १९२० पासून. तिथली पातळभाजी रोज तशीच लागते म्हणून लोक जातात. कुणाचं वेगळं मत असेल तर मांडा.

म्हापशेकार

शीतकडीबाब, अगदी वेगळं आहे. सल्लागार शेफचा तुमचाच मुद्दा घ्या. तो पहिल्या दोन महिन्यांतच किचनात असेल, तर जायचं तेव्हाच! मालकही तेव्हा गल्ल्यावर बसलेला असतो, ताट परत गेलं तर उठून विचारतो. सहाव्या महिन्यात विचारणारा मॅनेजर असतो, आणि तो फक्त मान हलवतो.

आणि पावसाळा काढायचा तो कोणाच्या जिवावर? गावच्या माणसाने मे महिन्यापर्यंत पाठ फिरवली तर मेन्यू पर्यटकासाठीच लिहिला जाणार. मग सगळ्यावर बटर गार्लिक, आणि ग्रिल केलेल्या चिकनवर हिरवा सॉस ओतून त्याला काफ्रियाल म्हणायचं. खऱ्या काफ्रियालमध्ये तंगडीला चिरा देऊन कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण, मिरी आणि व्हिनेगरचा मसाला आतपर्यंत मुरवलेला असतो. काट्याने हाडाजवळ उघडून बघा. मांस पांढरं आणि अळणी लागलं तर मसाला वरूनच आला आहे. हे पहिल्याच महिन्यात तोंडावर सांगणारा कोणी हवा की नको?

फक्त जायची रीत असावी. शनिवार-रविवार नको, मंगळवार ते गुरुवार दुपारी जा. (सोमवारी बरीच ठिकाणं बंद असतात, आधी फोन करा.) दोघांनी तीनच पदार्थ मागवायचे : एक तळलेला, एक रस्सा, आणि ज्या पदार्थाचं नाव हॉटेल मिरवतं तो एक. आवडलं तर पुढे मागवता येतं. आठ जण मिळून पहिल्या भेटीला गेलात आणि सोळा पदार्थ मागवलेत तर किचनची परीक्षा होत नाही, दमछाक होते.

तवा नंबर दोन

दमछाकीवरून किचनच्या बाजूचा हिशेब मांडतो, तो वाद घालणाऱ्या दोघांच्याही उपयोगी पडेल.

मध्यम हॉटेलात नुस्तं (मासे) तळायला एक मोठा तवा धरा. एका घाण्यात आठ तुकडे, घाण्याला सात मिनिटं. सव्वा वाजता बारा टेबलं एकदम बसली आणि प्रत्येकी तीन तुकडे आले तर छत्तीस तुकडे, म्हणजे पाच घाणे. शेवटच्या टेबलाला पस्तीस मिनिटं लागणार, मग शेफ कितीही नावाजलेला असो. जुन्या जागी गर्दीची वेळ ठाऊक असते, दुसरा तवा आधीच तापवून ठेवतात. नव्या जागी केओटी (किचनकडे जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) साचायला लागल्या की दोन गोष्टी होतात. एक तर तुकडे अर्धे तळून बाजूला ठेवतात आणि ऑर्डर आली की पुन्हा तेलात टाकतात. नाहीतर रवा लावून ट्रे फ्रिजमध्ये रचून ठेवतात. दोन्ही ताटात ओळखू येतं. दुसऱ्यांदा तळलेला बांगडा कडेला कडक आणि मध्ये सुका लागतो. रचून ठेवलेल्या तुकड्याचा रवा पाणी शोषून लगदा होतो आणि तव्यावर पापुद्रा सुटून येतो, मग एका बाजूला टक्कल दिसतं.

म्हणून पावणेएकला बसावं. सव्वादोननंतर गर्दी ओसरते खरी, पण तोवर हुमणाचं (खोबऱ्याच्या वाटणातल्या माशाच्या रश्शाचं) पातेलं तळाला आलेलं असतं आणि त्यात गरम पाणी पडतं. डिलिव्हरीच्या ऍपवर चालू असलेल्या ठिकाणी रात्री साडेआठ ते साडेनऊ टाळा, त्या तासात टेबलाच्या आणि डब्याच्या केओटी एकाच दोरीवर लटकतात.

मेन्यू कार्डाची लांबीही बघा. चार शेगड्यांवर ऐंशी पदार्थ म्हणजे तीन तयार ग्रेव्ह्या आणि भरलेला फ्रीझर. यात नवं-जुनं काही नाही.

खारें बांगडे

तव्याचं सगळं मान्य. पण पावसाळ्याची कसोटी नुस्त्याला लावता तिथे गणित चुकतं.

यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी, ६१ दिवस. शेजारच्या कर्नाटक-महाराष्ट्रातही साधारण त्याच तारखा, म्हणजे कारवार-मालवणकडूनही ताजं येत नाही. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून बंदी असते, ती उठली की तिकडचा माल बर्फात घालून ट्रकने इकडे येतो. जुलै २०१८ मध्ये मासळीत फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याचा वाद झाला आणि सरकारने बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी घातली, ते आठवत असेलच. १ ऑगस्टला बंदी उठते, पण समुद्र खवळलेला असला तर ट्रॉलर लगेच बाहेर पडत नाहीत. तेव्हा जुलैत कोणी ‘ताजी इसवण’ (सुरमई) म्हणून तुकडा दिला तर तो बहुतेक फ्रीझरातला असतो : दाबला की पाणी सुटतं, कापसासारखा लागतो, काट्यापासून पाकळी नीट सुटत नाही.

म्हणजे पावसाळ्यात चांगलं हॉटेल कसं ओळखायचं? ते कार्डावरची नावं खोडतं. इसवण, पापलेट नाही म्हणून सांगतं आणि नदीतला शेवटो, काळुंद्र, नाहीतर तिसऱ्या, खुबे अशी शिंपली पुढे करतं. सोबत सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे कोरडी कोशिंबीर. तिसऱ्यांच्या सुक्यात न उघडलेली शिंपली आली तर ती उघडायच्या भानगडीत पडू नका, बाजूला काढा. वाढप्याला ‘आज काय आहे?’ असं विचारा. दोन-तीन नावं आली तर बसा. पूर्ण कार्ड घडाघडा म्हणून दाखवलं तर चहा पिऊन उठा.

हुमणाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नव्या ठिकाणी सगळ्यात आधी तेच घसरतं. खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद हे बारीक, अगदी गंधासारखं वाटावं लागतं. जाड राहिलं तर ताटात दोन मिनिटांत पाणी एकीकडे आणि चोथा दुसरीकडे होतो. आमसुलं घातल्यावर खळखळून उकळलं तरी फाटतं. हे दोन्ही दोष घाईचे, ते महिन्याभरात सुधारू शकतात. पण रस्सा पिवळट-पांढरा, गोडूस आणि चमच्याला ग्रेव्हीसारखा चिकटणारा असेल तर तो डब्यातल्या नारळाच्या दुधाचा किंवा पावडरीचा आहे. तो खर्चाचा निर्णय असतो. असं हॉटेल तीन पावसाळे काढूनही बदलत नाही. बांगड्याच्या हुमणात तेफळं (तिरफळं) आहेत का, एवढं जरी पाहिलं तरी आत गोंयकार आचारी आहे की नाही ते कळतं.

शीतकडी

खारेंबाब, तुमच्याच म्हणण्याने माझा मुद्दा पक्का होतो. कार्डावरची नावं कोण खोडतो हे जुलैतच कळणार ना? नोव्हेंबरात सगळेच ताजं देतात.

खारें बांगडे

जुलैत जाऊन बघा, माझी ना नाही. पण तोवर हुमण चाखायला आठ महिने कशाला हवेत?

कोरी कापी

सगळे नुस्त्यावरच अडलेत. नव्यांत कॅफेही भरपूर आहेत आणि तिथे थांबण्याचा नियम अजिबात चालत नाही. कॅफेत चूक काय आणि का, हे पहिल्याच कपात दिसतं.

साध्या डबल एस्प्रेसोला १८ ग्रॅम पूड, साधारण ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. पंधरा सेकंदांत धो धो उतरली तर आंबट आणि पातळ लागते, दळण जाड झालेलं असतं. पंचेचाळीसला थेंब थेंब आली तर कडू जळकी. आपल्याकडच्या दमट हवेत सकाळी लावलेलं दळण दुपारी तसंच चालत नाही, ग्राइंडर दिवसातून दोनदा तरी बघावा लागतो. बारवरचा पोरगा वजनकाट्यावर कप ठेवतो की नाही ते बघा. पिशवीवर भाजल्याची तारीख मागा. एक ते चार आठवड्यांची असावी, तारीखच नसेल तर साखर घालून प्या. दूध ६०-६५ अंशांपर्यंत तापवतात. कप हातात धरवत नसेल तर दुधाचा गोडवा गेलाच.

क्रोसाँ मात्र महिना बघून मागवा. लोण्याच्या घड्या थंड खोलीत घालाव्या लागतात. मे महिन्यात एसी नसलेल्या किचनात लोणी कणकेत मुरतं आणि आतून जाळीऐवजी पाव निघतो. जूनमध्ये दुपारपर्यंत बरणीतला चांगला क्रोसाँही मऊ पडतो, सकाळी दहाच्या आत खावा. आणि वीज गेली तर कॉफी मागवूच नका. एकावेळी दोन जागी कॉफी काढणारं, दोन ग्रुपचं मशीन तीन-चार किलोवॅट ओढतं, साध्या इन्व्हर्टरवर ते चालत नाही. वीज आल्यावर बॉयलर पुन्हा तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण घाईत त्याआधीच कप दिला जातो.

सोमवारकार

शाकाहारी माणसाला थांबून उपयोग नाही आणि धावूनही नाही, त्याने विचारून जावं. छोट्या किचनात फ्रायर एकच असतो आणि सुंगटांच्या तेलातच बटाट्याचे फ्राइज निघतात. ‘वेगळं तेल आहे का?’ हा प्रश्न ऑर्डरच्या आधी. बाकी नव्या जागांत शाकाहारी म्हणजे पनीर आणि मश्रूम एवढीच कल्पना असते. कार्डावर खतखतं, मूगागाठी किंवा आळसांद्यांचं टोणक अशा गोव्याच्या भाज्या-उसळी दिसल्या तर मी पहिल्या दिवशीही जाईन. श्रावणात तर अशी जागा सापडली की लिहा इथे.

हिशेबनीस

बिलावर कोणीच बोललं नाही. नव्या हॉटेलांत तिथे घोळ जास्त असतो.

हजाराचं खाणं, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज धरून अकराशे, त्यावर पाच टक्के जीएसटी पंचावन्न, एकूण ११५५. यातला सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. काढायला सांगा. काढला की त्यावरचा जीएसटीही जातो आणि बिल १०५० होतं. ऐकत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. दारूवर जीएसटी लागत नाही, व्हॅट वेगळा. दोन्ही एका रकमेत मिळवून त्यावर पाच टक्के लावलेले असतील तर बिल परत करा. जीएसटी घेतला असेल तर नंबर छापलेला हवा, पंधरा अक्षरांचा, गोव्यातला ३० ने सुरू होतो. कंपोझिशन योजनेतल्या (कमी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या) छोट्या कॅफेला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ आकडी नंबरही १ जानेवारी २०२२ पासून बिलावर लागतो.

मडगावकारीण

आणि पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतात, तेही बेकायदाच ना?

हिशेबनीस

नाही बाय. टेबलावर बसून घेतलेल्या बाटलीला हॉटेल जास्त घेऊ शकतं, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसंच ठरवलं. वाढप्याने ‘मिनरल?’ विचारलं की ‘साधं’ म्हणा.

मडगावकारीण

हं. मग एक साष्टीकडून, म्हणजे दक्षिण गोव्यातून. तुमचा सगळा वाद उत्तरेकडच्या बार्देस-तिसवाडी तालुक्यांचा चाललाय. रात्री आसगावला जेवायला जायचं म्हणजे इथून जाणं-येणंच जेवणाइतकं महाग. ओला-उबर नाही, टॅक्सीने दोन्ही बाजूचं भाडं लावलं तर संपलं, आणि दोन पेग घेऊन कोणी गाडी हाकू नये. लांबच्या जागेला दुपारीच जावं, परतीची गाडी आधी ठरवून. अरुंद रस्ता आणि जुन्या घराच्या दारात लावलेल्या गाड्या, हाही दोष हॉटेलाचाच धरावा. पार्किंग कुठे, हे फोनवर विचारलं की टाळाटाळ करणारे बरेच निघतात. पणजीतल्या फोंतेन्यससारख्या जुन्या वस्तीच्या भागात तर गाडी बाहेर ठेवून चालतच जा, तिथे लोक राहतात.

शीतकडी

कॅफेपुरतं कोरी कापींचं पटलं. एका कपाचा धोका परवडतो. नुस्त्याच्या ताटाला मात्र मी जुलैच म्हणेन.

म्हापशेकार

जुलैत जाल तेव्हा दारावर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी असेल. या गुरुवारी दुपारी साडेबाराला जा, दोघे, तीन पदार्थ, आणि हुमण कसं होतं ते इथे लिहा.

तवा नंबर दोन

साडेबारा नको, पावणेएक. साडेबाराला पहिला घाणा तेल पुरतं तापायच्या आधीच पडतो.