चिनूचा फायटर मासा आजारी आहे, कोणाला माशांमधलं कळतं का?

बी ३०४: नमस्कार सगळ्यांना, जरा वेगळा प्रश्न आहे. चिनूचा फायटर, तो लाल, काल संध्याकाळपासून बाउलच्या तळाशी बसून आहे, खात नाहीये, मधेच वर येऊन तोंड उघडतो आणि परत खाली जाऊन पडतो. पंख सगळे अंगाला चिकटलेत, एरवी कसा पिसारा केल्यासारखा फिरतो. चिनू सकाळपासून बाउलसमोरून हलत नाहीये. प्लीज कोणीतरी सांगा काय करू 🙏

ए १०२: अगं चिमूटभर हळद टाकून बघ पाण्यात. जखमेला चालते तर त्यालाही चालेल.

बी २०१: त्याला हवा कमी पडत असेल. आमच्याकडे बबलचं मशीन पडून आहे, पाठवू का वर?

सी ५०१: काकू हळद नको, पाणी गढूळ होईल आणि त्याला त्रासच होईल. काका मशीनपण आत्ता राहू द्या. फायटर वर येऊन तोंड उघडतो ते नेहमीचंच असतं, त्याला कल्ल्यांशिवाय डोक्यात अजून एक अवयव असतो, लॅबिरिंथ म्हणतात, त्यानं तो बाहेरची हवा घेतो. मूळचा थायलंडकडचा, भातशेतीतल्या उथळ संथ पाण्यातला मासा आहे तो, बबलच्या जोरानं आजारी मासा अजून थकतो. वहिनी मला एवढं सांगा, बाउल केवढा, कुठे ठेवलाय आणि पाणी कधी बदललं? आणि खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च बाजूनं मारा आणि अंग नीट बघा, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का, किंवा सोनेरी धूळ बसल्यासारखं दिसतंय का. वरूनपण बघा, पोट फुगून खवले उभे राहिलेत का.

बी ३०४: ठिपके नाहीत, धूळ नाही, खवले नीट आहेत. शेपटीची कड मात्र कुरतडल्यासारखी झालीये आणि टोकाला जरा काळपट. बाउल दोनतीन लिटरचा असेल, दुकानातून सोबतच मिळाला, ते म्हणाले याला एवढंच लागतं. हॉलच्या खिडकीच्या कट्ट्यावर असतो. पाणी रविवारी बदललं.

सी ५०१: खवले उभे नाहीत हे फार बरं झालं, तसं झालं असतं तर आशा कमी असते. शेपटीचं आहे त्याला फिन रॉट म्हणतात, पण वहिनी तो बहुतेक वेळा पाण्यामुळे होतो, म्हणून औषधाच्या आधी पाणी बघायचं. दोन गोष्टी झाल्यात असं मला वाटतं. एक तर थंडी. याला २५ ते २७ डिग्री पाणी लागतं आणि आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास येतो, त्यात खिडकीचा कट्टा म्हणजे एवढंसं पाणी रात्रभर गार पडत जातं आणि दुपारी उन्हानं परत तापतं. थंड पाण्यात त्याचं सगळंच मंदावतं, खाल्लेलं पचत नाही आणि आजाराशी झगडायची ताकद राहत नाही. दुसरं म्हणजे अमोनिया. त्याची विष्ठा आणि उरलेले दाणे कुजून अमोनिया तयार होतो, मोठ्या टाकीत फिल्टरमधले जिवाणू तो संपवतात, दोन लिटरच्या बाउलमध्ये ते काम करणारं कोणी नसतं. पाणी दिसायला स्वच्छ असतं पण त्याचे कल्ले आणि पंख भाजत असतात. दुकानात एवढंच लागतं सांगतात ते चूक आहे, मला याचा खरंच राग येतो, जिवंत राहतो म्हणजे बरा राहतो असं नाही ना.

सी ५०१: माझ्याकडे २० लिटरची जुनी टाकी रिकामी आहे आणि २५ वॉटचा हिटर आहे, संध्याकाळी आणून लावतो. तोवर बाउल कट्ट्यावरून काढून आतल्या खोलीत ठेवा, खाली थर्माकोल आणि बाजूनं टॉवेल. गरम पाणी आत ओतू नका हं, एकदम बदल झाला तर धक्क्यानं जाऊ शकतो. आणि आज उद्या काही खायला टाकू नका, दोन दिवस उपाशी राहिला तर काही होत नाही.

ए ४०३: एवढं करण्यापेक्षा गोदावरीत सोडून दिला तर? मोकळा तरी होईल बिचारा.

सी ५०१: आजी तुमचा भाव कळतोय पण नको. या थंडीत नदीचं पाणी त्याला सोसणारच नाही, दुसरे मासे खातील, आणि त्याला काही रोग असेल तर तो नदीतल्या माशांना लागेल. घरात आणलाय तर घरातच बरा करायचा.

बी २०१: मेडिकलमधून अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाकतात असं ऐकलंय.

सी ५०१: काका अंदाजानं नको. फिल्टरमधले चांगले जिवाणूपण त्यानं मरू शकतात. पाणी नीट करूनही शेपूट झडत राहिली तर मग माशांचं औषध बघू. वहिनी, आत्ताच दोन बादल्या पाणी भरून उघडी ठेवा. आपल्याकडे गंगापूर धरणाचं पाणी क्लोरिन टाकून येतं, ते कल्ल्यांना वाईट. एरवी २४ तास तरी ठेवतात, आज मी अँटिक्लोरिनचे थेंब आणतो. नुसतं आरओचं पाणी वापरू नका, त्यात क्षार उरत नाहीत. आणि खडेमीठ आहे का घरात? लिटरला १ ग्रॅम, आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू घालू, आठवडाभरच. मीठ पाण्यासोबत उडून जात नाही, म्हणून पाणी बदलताना जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच परत घालायचं.

ए १०२: गेटजवळच्या बदामाची पानं टाकतात ना रे माशांच्या पाण्यात? आमच्या शेजारी एक जण न्यायचे गोळा करून.

सी ५०१: हो काकू, अगदी बरोबर! तोच देशी बदाम. आत्ता पानं लाल होऊन गळतातच आहेत. झाडावरची हिरवी नको, खाली पडून पूर्ण वाळलेली तपकिरी घ्यायची, फवारणी झालेली नको, धुऊन एक पान टाकायचं. पाणी चहासारखं होतं, घाबरू नका, फायटरला तसंच आवडतं.

ए १०२: चिनूला पाठव खाली, मी चांगली बघून देते.

बी ३०४: टाकी लागली, दादा आत्ताच गेले, खूप खूप आभार 🙏 आधी पिशवीतच तरंगत ठेवला आणि थोडं थोडं पाणी आत घालत सोडला. हिटर ताशी एखाद्या डिग्रीनं वाढवायला सांगितलाय. रात्री लाइट गेली तर काय करायचं?

सी ५०१: टाकीला जाड चादर गुंडाळा, पण वरून फट ठेवा, त्याला वरची हवा लागते. झाकण मात्र ठेवाच, हे मासे उडी मारतात. गरम पाण्याची बाटली झाकण घट्ट लावून तरंगत ठेवली तरी चालते. आणि पाणी काढताना हिटर आधी बंद करून थोडा वेळ थांबा, तापलेला उघडा पडला तर काच तडकते.

बी ३०४: गुड मॉर्निंग! थर्मामीटरवर २६ आहे. पंख थोडे उघडलेत आणि तो पानाखाली जाऊन बसलाय, चिनूनं काचेवर बोट ठेवलं तर वळून बघितलं त्यानं 😭❤️ शेपूट मात्र तशीच आहे.

सी ५०१: मस्त! शेपटीला आठवडे लागतील. कडेला काचेसारखी पातळ पारदर्शक पट्टी दिसायला लागली की नवीन वाढतंय समजा, काळं किंवा लाल आत सरकायला लागलं तर मला लगेच कळवा. सध्या रोज पाव भाग पाणी बदला, तेवढ्याच गरम पाण्यानं. उद्या संध्याकाळी एकच दाणा टाका, पाच मिनिटांत नाही खाल्ला तर काढून घ्या.