मदत हवी आहे : कॅमेऱ्यात काळे पट्टे, फ्रेम रेट २५ केला तरी जात नाहीत

इतवारी_कापड
राजेहो, अर्जंट आहे. दुकानातल्या कॅमेऱ्यांत काळपट आडवे पट्टे सरकून राहिले. नेटवर वाचलं की भारतात २५ पाहिजे, म्हणून फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) ३० चा २५ केला, सेव्ह केलं, एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, बंद करून चालू केला. काडीचा फरक नाही. लावून देणारा फोन उचलत नाही. लग्नसराई आहे, गल्ल्यावरचं चित्र स्वच्छ पाहिजे. कोणती सेटिंग राहिली?

तारवाला_सदर
कॅमेरे कोणते, किती? एनव्हीआरच्या मागच्या पीओई (नेटवर्कच्याच वायरीतून वीज देणाऱ्या) पोर्टला थेट आहेत की मधात स्विच आहे? पट्टे सगळ्यांत की काहींतच? आत लाइट कोणते? आणि २५ केलं ते एनव्हीआरवरून की कॅमेऱ्याच्या स्वतःच्या, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानावरून?

इतवारी_कापड
८ आहेत, ४ मेगापिक्सेल. एनव्हीआरवरूनच केलं, दुसरीकडून कुठून करतात? लाइट एलईडी बॅटन. बाहेरचे दोन दिवसा एकदम ठीक असतात.

हिशेबी_माणूस
२५ पण कशाला? १५ वर ठेवा. २ टीबीची हार्ड डिस्क दुप्पट दिवस पुरेल.

तारवाला_सदर
हिशेबी, डिस्कचं कोणी विचारलं का? आणि ते चूक पण आहे. बिटरेट (सेकंदाला किती डेटा) सीबीआरवर, म्हणजे कायम एकसारखा, २०४८ केबीपीएसला बांधला असेल तर १५ फ्रेम असो की २५, एक कॅमेरा दिवसाला साधारण २२ जीबीच खातो. आठ कॅमेरे म्हणजे १७५ च्या आसपास, २ टीबीत अकरा दिवस. जागा बिटरेट ठरवतो, फ्रेम रेट नाही.

इतवारी, तुम्ही फ्रेम रेट बदलला, व्हिडिओ स्टँडर्ड तसंच आहे. यादीत ३० दिसत होतं याचा अर्थ कॅमेरा एनटीएससीवर, म्हणजे ६० हर्ट्झवर आहे. पाल, म्हणजे ५० हर्ट्झवर असता तर यादी २५ लाच संपली असती. ६० हर्ट्झमध्ये २५ निवडलं की सेन्सर बहुधा ३० नेच चालतो, मधल्या फ्रेम टाकून देतो. शटर, म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ, तोच राहते.

आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणून साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. शटर १/१०० सेकंद असेल तर एक झोका पूर्ण पकडला जातो, १/५० ला दोन, १/२५ ला चार. ६० हर्ट्झवर कॅमेरा १/१२०, १/६०, १/३० निवडतो. १/६० मध्ये पावणेदोनच्या आत-बाहेर झोके येतात, म्हणून सेन्सरच्या काही ओळी उजळ आणि काही काळ्या. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून पट्टे आडवे.

खामला_४जी
एवढं कशाला? ६० वरच राहू द्या, एक्सपोजर मॅन्युअल करून शटर १/१०० ठेवा. पट्टे जातील आणि ३० फ्रेमही मिळतील.

तारवाला_सदर
पट्टे जातील, पण रात्री १/२५ च्या चौथा हिस्सा उजेड मिळेल. गेन (चित्र कृत्रिमरीत्या उजळवणं) वाढेल, चित्रात मुंग्या येतील. कापडाच्या दुकानात ३० फ्रेमचं काय लोणचं घालायचं?

खामला_४जी
गाडीचा नंबर टिपायचा असला तर ३० च पाहिजे.

बर्डी_नेट
नंबर फ्रेम रेटनं नाही, शटरनं टिपतात भाऊ. ४० च्या स्पीडची गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. १/२५ मध्ये ४४ सेंटीमीटर, १/५०० मध्ये २ सेंटीमीटरच्या वर थोडं. ३० काय, ६० फ्रेम घेतल्या तरी १/२५ ला अक्षरं पुसलेलीच येतील.

उन्हाळी
बाहेरच्या कॅमेऱ्यांवर मे महिन्यात पत्र्याची टोपी जरूर लावा. पश्चिमेचं ऊन भिंतीवरच्या डब्याला भाजून काढते.

इतवारी_कापड
टोपी आहे. ते ५० हर्ट्झ कुठे आहे ते सांगा ना! एनव्हीआरच्या जनरलमध्ये पाल केलं, काहीच झालं नाही.

तारवाला_सदर
ते एनव्हीआरच्या स्वतःच्या टीव्ही-आउटपुटचं असते, कॅमेऱ्याला त्याचं काही नाही. प्रत्येक कॅमेऱ्यात शिरावं लागेल. दाहुआ कंपनीच्या घराण्याचा मेनू असेल तर कॅमेऱ्याच्या पानावर सिस्टीम, जनरल, तिथे व्हिडिओ स्टँडर्ड. हिकव्हिजनमध्ये कॉन्फिगरेशन, इमेज, डिस्प्ले सेटिंग्ज, व्हिडिओ अॅडजस्टमेंट.

पीओई पोर्टला थेट असेल तर कॅमेरा तुमच्या राउटरवरून दिसणार नाही. दाहुआच्या एनव्हीआरमध्ये तो १०.१.१ च्या जाळ्यात असतो, हिकव्हिजनमध्ये १९२.१६८.२५४ च्या. रिकाम्या पीओई पोर्टला लॅपटॉप जोडा, दाहुआ असेल तर आयपी हाताने १०.१.१.२००, हिकव्हिजन असेल तर १९२.१६८.२५४.२००, आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या, मग ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा आयपी. लॅपटॉप जळणार नाही, समोर पीओईचं यंत्र आहे हे कळल्याशिवाय पोर्ट वीज सोडत नाही.

५० केलं की कॅमेरा स्वतः रीस्टार्ट होते, मधात वीज काढू नका. मग फ्रेम रेट २५, आय-फ्रेमचं (पूर्ण साठवलेल्या चित्राचं) अंतर ५० पुन्हा टाका. स्टँडर्ड बदललं की हे आकडे सरकतात. सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचं दुसरं, हलकं चित्र) पण पाहा.

बर्डी_नेट
आणि कॅमेऱ्याच्या पानावर कंडिशन्समध्ये अँटी-फ्लिकर आउटडोअरवर असेल तर ५० हर्ट्झ करा. लावणारे लोक ते तसंच सोडतात.

इतवारी_कापड
आतल्या सहापैकी पाच स्वच्छ झाले. दरवाज्याकडच्या ३ नंबरमध्ये पट्टे आहेतच, पण आता जवळजवळ जागच्या जागी उभे आहेत. याचं काय?

बर्डी_नेट
पट्टे थांबले म्हणजे स्टँडर्ड बरोबर, शटर १/१०० पेक्षा लहान. २५ फ्रेमला प्रत्येक चित्रात लाइटचे बरोबर चार झोके येतात, म्हणून पट्टे हलत नाहीत, ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० च्या थोडी खाली-वर झाली की हळू सरकतात. डब्ल्यूडीआर चालू आहे का? काचेचा दरवाजा आहे का?

इतवारी_कापड
दोन्ही हो.

बर्डी_नेट
मग तेच. बाहेरचं ऊन सावरायला डब्ल्यूडीआर एक लांब आणि एक अगदी छोटा एक्सपोजर जोडते. छोटा १/१०० पेक्षा कमी, त्यात पट्टे येणारच. आधी डब्ल्यूडीआर बंद करून पाहा. चेहरे काळे पडत असतील तर त्याची पातळी २० ते ३० वर ठेवून पाहा. तरी राहिले तर दरवाज्याजवळचा बॅटनच बदलावा लागेल. मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये लाइट शूट करा, लपलपताना दिसला तर आत स्वस्तातला ड्रायव्हर (लाइटला वीज देणारं सर्किट) आहे. फ्लिकर-फ्री लिहिलेला एक बॅटन आधी तिथेच लावून तसाच तपासा, मग बाकीचे घ्या.

हिशेबी_माणूस
आणि बिटरेट व्हीबीआर, म्हणजे कमी-जास्त होणारा, केला तर?

तारवाला_सदर
वेगळा धागा काढा.